सामायिक कपाटाचा इतिहास

वसुबारसेच्या संध्याकाळी मी नेवासे तालुक्यातील माझ्या धाकट्या बहिणीच्या गावी पोचलो, तेव्हा अंगणातील गाय-वासराची पूजा नुकतीच आटोपली होती. गाईच्या कपाळी हळदकुंकू होते, वासराच्या गळ्यात झेंडूची माळ होती, आणि ओसरीवर माझा भाचा डोक्याला हात लावून बसला होता.

"काय रे, सणासुदीचा असा का बसलास?" मी विचारले.

"मामा, लायब्ररी हरवली."

बहीण निरांजन घेऊन आत निघाली होती. ती उंबऱ्यातच थबकली. "लायब्ररी कशी हरवेल? दादा, तुमच्या नगरच्या वाचनालयात विचारा की!"

आम्ही दोघे हसलो. भाचा हसला नाही. त्याला कारणही तसेच होते. तो गावच्या दूधसंस्थेत हिशेबाचे काम पाहतो. सव्वातीनशे घरे तेथे सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. प्रत्येकाचे माप, फॅट, त्यावरून ठरणारा दर, दर दहा दिवसांचा पगार आणि दिवाळीला मिळणारे वर्षाचे रिबेट, हा सारा गुंता संस्थेचा संगणक सोडवतो. आदल्या रात्री भाच्याने त्या संगणकाची यंत्रणा नव्या आवृत्तीवर नेली होती. उबुंटू नावाच्या त्या यंत्रणेची २०२० सालची आवृत्ती तेथे चालू होती. तिची सर्वसाधारण देखभाल २०२५ च्या मे महिन्यात संपली आणि तशी सूचना पडद्यावर वारंवार येऊ लागली, म्हणून त्याने ती २०२२ च्या आवृत्तीवर चढवली. यंत्रणा उत्तम चालू लागली. फक्त हिशेबाचा प्रोग्रॅम उघडेना. लक्ष्मीपूजनाच्या आत सव्वातीनशे घरांना पैसे द्यायचे, आणि पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटून सारे बंद! त्या ओळीचा मराठी अर्थ असा : सामायिक लायब्ऱ्या उचलताना चूक झाली, लिबआयसीयूयूसी.एसओ.६६ ही वस्तू उघडता येत नाही. अशी फाइल किंवा असे दालन नाही.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. संगणकातले मला ओ की ठो कळत नव्हते. पण जुने कागद वाचण्याची खोड मात्र आहे. मोडीतला कागद हाती आला की आधी तारीख पाहावी, मग नावे पाहावीत, मग कोण कोणाला काय मागतो आहे ते पाहावे. त्या ओळीकडे मी तसेच पाहिले.

"हा शेवटी ६६ काय आहे रे?"

"आवृत्तीचा आकडा."

"मग आता तुझ्याकडे कितवी आवृत्ती आहे?"

त्याने शोधून पाहिले. सत्तरावी होती.

"म्हणजे ग्रंथ हरवलेला नाही. नवी आवृत्ती आली आणि जुनी कुणी तरी रद्दीत घातली. कुणी घातली?"

भाचा जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "मीच. शेवटी त्याने विचारलं होतं, जुन्या निरुपयोगी वस्तू काढून टाकू का म्हणून. मी हो म्हटलं."

त्या रात्री पुढे काय झाले ते सांगतोच. पण त्याआधी वाचकांना या सामायिक कपाटाची हकीकत सांगितली पाहिजे. दिवाळी झाल्यावर मी ती हौसेने वाचून काढली. तिच्यात आमच्या जिल्ह्याच्या ओळखीच्या पुष्कळ गोष्टी मला भेटल्या.

पहिली गोष्ट तर नेवाशाचीच. याच तालुक्यात, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये म्हणजे इ. स. १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढे सुमारे तीनशे वर्षे ती हाताने उतरवली जात राहिली. जितकी घरे तितक्या पोथ्या, आणि जितके लेखक तितके हस्तदोष. अखेर पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ साली, तिचा पाठ शुद्ध केला. उपकार थोर खरा. परंतु व्यवहारातली अडचण पाहा. पैठणला शुद्ध प्रत तयार झाली म्हणून दुसऱ्या गावच्या फडताळातली पोथी आपोआप शुद्ध होत नाही. ज्याला शुद्ध पाठ हवा त्याने ती पुन्हा उतरवून घेतली पाहिजे. घरोघर स्वतंत्र प्रत असली की घर कुणावर अवलंबून राहत नाही. पण चूकही घरोघर स्वतंत्र नांदते.

संगणकांचा आरंभ अगदी असाच झाला. इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात एडसॅक नावाच्या यंत्राने ६ मे १९४९ रोजी आपले पहिले गणित सोडवले. मॉरिस विल्क्स हे त्या यंत्राचे जनक. डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल हे त्यांचे तरुण सहकारी. त्यांच्या लवकरच ध्यानात आले की, प्रत्येकाच्या गणितात काही कृती त्याच त्या येतात : वर्गमूळ काढणे, आकडे छापणे, कोनांची गणिते करणे. त्या प्रत्येकाने नव्याने का लिहाव्यात? म्हणून त्यांनी नेहमीच्या कृती छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर तयार करून एका कपाटात लावून ठेवल्या. या संग्रहाला ते लायब्ररी म्हणत. १९५१ साली तिच्यात ८७ कृती होत्या, आणि त्याच साली या तिघांनी त्या विषयावर पुस्तकही प्रसिद्ध केले. ज्याला जी कृती हवी त्याने त्या फितीची नक्कल आपल्या फितीत उतरवून घ्यायची. म्हणजे पोथी उतरवण्याचीच रीत!

पुढे यंत्रे वाढली, प्रोग्रॅम वाढले, आणि प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या पोटात त्याच त्या कृतींच्या नकला घेऊन फिरू लागला. शंभर प्रोग्रॅम असले तर एकाच कृतीच्या शंभर प्रती. जागा तर खातातच, शिवाय एखादीत दोष निघाला तर शंभर ठिकाणी दुरुस्ती.

यावरचा उपाय आम्हा नगरकरांना नवा वाटू नये. आमचे जिल्हा वाचनालय १८३८ साली स्थापन झाले. प्रत्येकाने प्रत्येक पुस्तक विकत घेण्यापेक्षा एक प्रत सामायिक ठेवावी आणि सर्वांनी वाचावी, ही ती कल्पना. संगणकाच्या दुनियेत तिने मूळ धरले ते १९६५ च्या सुमारास, अमेरिकेत मल्टिक्स नावाच्या यंत्रणेत. तिच्यात प्रोग्रॅमने नक्कल पोटात बाळगायची नाही. फक्त नाव लिहून ठेवायचे. काम करण्याची वेळ आली की यंत्रणा त्या नावाची वस्तू शोधून आणून देते. १९८८ साली सनओएस या यंत्रणेच्या चौथ्या आवृत्तीने ही रीत युनिक्सच्या घराण्यात चांगली रुजवली. पडद्यावर चित्रे आणि खिडक्या दिसू लागल्यामुळे प्रोग्रॅम एवढे लठ्ठ झाले होते की, सामायिक कपाटावाचून गत्यंतरच उरले नव्हते.

फायदा मोठाच झाला. त्याचे एक उदाहरण देतो. २०१४ च्या एप्रिल महिन्यात ओपनएसएसएल नावाच्या लायब्ररीत एक भयंकर छिद्र सापडले. जगाने त्याला हार्टब्लीड असे नाव दिले. असंख्य ठिकाणची गुप्त माहिती त्यातून झिरपू शकत होती. पण ज्या संगणकांवर ही लायब्ररी सामायिक कपाटात होती, तेथे ती एक वस्तू बदलून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करताच, तिच्यावर विसंबलेले सारे एकदम सुधारले. ज्यांनी आपापली नक्कल पोटात बाळगली होती, त्यांना एकेकाला गाठून दुरुस्त करावे लागले. एकनाथमहाराजांना असे कपाट लाभते तर!

पण सामायिक वस्तूची एक पीडाही असते. ती बदलली की सर्वांनाच बदलते; कुणाला ते मानवते, कुणाला मानवत नाही. म्हणून एक युक्ती निघाली. प्रत्येक लायब्ररीच्या नावाला शेपटासारखा एक आकडा लावायचा. हा आकडा म्हणजे वचन आहे. जोवर आकडा तोच आहे, तोवर आतले दोष काढले, वेग वाढवला, तरी जुन्या प्रोग्रॅमांशी असलेली बोली मोडणार नाही. बोलीच मोडणारा बदल करायचा असेल तर आकडा बदलायचा. जुन्या आकड्याची आणि नव्या आकड्याची वस्तू एकाच कपाटात शेजारी शेजारी राहू शकते. ज्याला जी हवी त्याने ती मागावी.

लिनक्सच्या घराण्यात सर्वांच्या पायाशी असलेली सी नावाच्या भाषेची लायब्ररी १९९७-९८ च्या सुमारास पाचव्या आकड्यावरून सहाव्यावर गेली, तेव्हा या शेजारधर्माची कसोटी लागली. जुने प्रोग्रॅम पाच मागत, नवे सहा मागत. कित्येक संगणकांवर दोन्ही ठेवून दिवस काढावे लागले. त्या स्थित्यंतरापासून ती लायब्ररी आजतागायत सहावरच आहे. बदल थांबले असे नाही. पण एखाद्या कृतीचे वर्तन बदलायचे झाले तर जुनी कृती जुन्यांसाठी आणि नवी कृती नव्यांसाठी, अशा दोन्ही ती पोटात सांभाळते.

हा शहाणपणाही ठेच लागूनच पक्का होतो. २०१० च्या अखेरीस फेडोरा नावाच्या यंत्रणेच्या चौदाव्या आवृत्तीत, अक्षरे एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवण्याची एक साधी कृती काही यंत्रांवर उलट्या दिशेने, पण अधिक वेगाने चालेल अशी केली होती. नियमाप्रमाणे त्यात काही वावगे नव्हते. पण फ्लॅश नावाचा एक लोकप्रिय प्रोग्रॅम तो नियम न पाळता इतकी वर्षे निभावून नेत होता. त्यातून ऐकलेली गाणी एकाएकी चिरकी येऊ लागली! नियम पाळणारा बरोबर की लोकांची गाणी चालू ठेवणारा बरोबर, यावर लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्यासह पुष्कळांचा कडाक्याचा वाद झाला. २०११ सालच्या पुढच्या आवृत्तीत तोड निघाली : जुन्या प्रोग्रॅमांना जुनी रीत मिळावी, नव्यांना नवी. घरात नवी सून आली म्हणून सासूबाईंच्या चहातली साखर बदलत नाही, तसेच हे.

आता प्रश्न असा की, एवढी व्यवस्था असताना माझ्या भाच्याची ६६ वी आवृत्ती रद्दीत गेलीच कशी? याचे उत्तर मला सहकारात सापडले.

आमचा जिल्हा सहकाराचा. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगिळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या साहाय्याने, १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि पुढे गावोगाव सोसायट्या, दूधसंस्था झाल्या. सहकारात प्रत्येकाला पहिला धडा मिळतो तो हा की, हक्क सभासदाचा असतो, आणि सभासद तो, ज्याचे नाव रजिस्टरात आहे. नाव नसेल तर सभेची नोटीस येत नाही, आणि ठराव झाल्यावर ओरडून उपयोग होत नाही.

संगणकातही असे रजिस्टर आहे. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाने ही नोंदवहीची पद्धत फार काळजीने वाढवली. उबुंटूने तीच उचलली. प्रत्येक प्रोग्रॅम पेटीत बांधून येतो, आणि पेटीवर लिहिलेले असते की, याला अमुक लायब्ररी अमुक आकड्याची लागते. कपाट आवरताना यंत्रणा ही वही पाहते. कुणाला हवी असलेली वस्तू ती काढत नाही. कुणालाच नको असलेली दिसली तर काढू का म्हणून विचारते. आमच्या दूधसंस्थेचा प्रोग्रॅम काही वर्षांपूर्वी गावातल्याच एका हुशार विद्यार्थ्याने लिहून दिला होता. तो पेटीत बांधलेला नव्हता. नुसताच एका दालनात आणून ठेवला होता. वहीत त्याचे नाव नव्हते. म्हणून यंत्रणेने वही पाहिली आणि प्रामाणिकपणे सांगितले की, ६६ वी आवृत्ती कुणालाच लागत नाही. सव्वातीनशे घरांचा हिशेब त्या आवृत्तीवर उभा होता, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते!

ती लायब्ररी तरी कसली? आयसीयू हे तिचे नाव. जगातल्या निरनिराळ्या लिप्या नीट हाताळणे, नावे त्या त्या भाषेच्या वर्णक्रमाने लावणे, आकडे आणि तारखा त्या त्या रीतीने लिहिणे, ही तिची कामे. दुधाच्या पावतीवर मराठी नाव उमटते, यादी अकारविल्हे लागते, ते तिच्या जोरावर. मात्र तिची एक तऱ्हा आहे : प्रत्येक मोठ्या आवृत्तीला तिचा आकडा बदलतो. उबुंटूच्या २०२० च्या एप्रिल-आवृत्तीत ६६, २०२२ च्या आवृत्तीत ७०, २०२४ च्या आवृत्तीत ७४.

आता त्या रात्रीकडे वळू. जेवणे झाल्यावर आम्ही संस्थेत गेलो. भाच्याने आधी एलडीडी नावाची आज्ञा चालवली. प्रोग्रॅमला कोणकोणत्या लायब्ऱ्या लागतात आणि त्या कोठे सापडतात, याची ती यादी देते. बहुतेक ओळींसमोर पत्ता होता. ज्या ओळींच्या शेवटी ६६ होते तेवढ्यांसमोर 'सापडले नाही' असा शेरा. मला फार बरे वाटले. रोग एकाच अवयवात होता. मग त्याने संगणकाचे सारे कोपरे धुंडाळून पाहिले. कारण कधी कधी वस्तू असते, पण यंत्रणा त्या दालनात पाहतच नाही. तसे असते तर त्या दालनाचा पत्ता यंत्रणेच्या यादीत लिहून एलडीकॉन्फिग ही आज्ञा दिली की काम भागते. पण येथे वस्तूच नव्हती.

तेव्हा भाच्याला एक युक्ती सुचली. तो म्हणाला, "सत्तराव्या आवृत्तीला ६६ असं टोपणनाव देऊन टाकतो. प्रोग्रॅमला काय कळतंय?"

मी म्हणालो, "हे बघ, आपल्या अहमदनगरचे २०२४ साली अहिल्यानगर झाले. जुन्या नावाने आलेले पत्रही पोचते, कारण नाव बदलले तरी गाव तेच आहे. पण राहुरीच्या पत्रावर राहाता लिहिलेस, तर ते कुठे जाईल?"

"एकदा बघू तर द्या, मामा." त्याने टोपणनाव दिलेच. पहिली ओळ गेली आणि दुसरी आली : अमुक नावाची कृती सापडत नाही. त्या नावाच्याही शेवटी ६६ होते! आयसीयूच्या कर्त्यांनी असला बहाणा आधीच ओळखून आतल्या प्रत्येक कृतीच्या नावालाही आवृत्तीचा आकडा चिकटवून ठेवला आहे. दारावरची पाटी बदलून आत शिरले, तरी आतला माणूस ओळख देत नाही. मला त्या अज्ञात कर्त्यांचे कौतुक वाटले. सगळ्याच लायब्ऱ्या एवढ्या सावध नसतात. एखादी असे टोपणनाव मुकाट्याने सोसते, प्रोग्रॅम चालू होतो, आणि मग हिशेब कुठे तरी गुपचूप चुकतो. प्रोग्रॅम बंद पडला तर कळते तरी. पैसे चुकीचे वाटले गेले असते, तर सव्वातीनशे दारांत जाऊन कोण उभे राहिले असते?

भाच्याने टोपणनाव पुसून टाकले आणि सरळ मार्ग धरला. उबुंटूच्या जुन्या आवृत्तीच्या अधिकृत भांडारातून ६६ व्या आवृत्तीची पेटी आणून ती ७० च्या शेजारी लावली. नावे वेगळी, आकडे वेगळे; दोघी एकमेकींच्या वाटेला गेल्या नाहीत. पुन्हा एलडीडी चालवली. सगळ्या ओळींसमोर पत्ते उमटले. प्रोग्रॅम उघडला, आणि पडद्यावर सव्वातीनशे नावे आपापल्या क्रमाने, आपापल्या काना-मात्रांसह उभी राहिली. रात्रीचे बारा वाजून गेले होते. तरी भाच्याने मागच्या दहा दिवसांच्या पाच पावत्या काढून नव्या हिशेबाशी पडताळून पाहिल्या. हे मी त्याला सांगितले नव्हते; ते त्याचे त्यालाच सुचले, याचा मला अधिक आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी पगार आणि रिबेट वाटले गेले. मी सहज संस्थेच्या पायरीवर बसलो होतो. एक म्हातारबाई पावती डोळ्यांजवळ धरून आपले नाव वाचत होत्या. आकड्याकडे त्यांनी नंतर पाहिले.

जुनी आवृत्ती शेजारी लावणे ही मात्र तात्पुरती मलमपट्टी होती. जी आवृत्ती तिच्या कर्त्यांनी सोडून दिली, तिच्यात उद्या छिद्र सापडले तर बुजवणारे कुणी नसते. म्हणून पाडव्यानंतर भाच्याने त्या विद्यार्थ्याला गाठले. तो आता पुण्याला नोकरी करतो. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर त्याच्याजवळ होता. नसता तर मोठी पंचाईत होती. तो मजकूर ७० व्या आवृत्तीसाठी नव्याने जुळवला, पावत्या पुन्हा ताडून पाहिल्या, आणि मगच ६६ वीला निरोप दिला. शिवाय एक जास्तीचे काम केले : प्रोग्रॅम रीतसर पेटीत बांधला आणि त्यावर लिहिले, याला आयसीयूची ७० वी आवृत्ती लागते. आता तो वहीतला सभासद झाला आहे. पुढच्या वेळी कपाट आवरताना यंत्रणा ही नोंद पाहील, आणि त्याच्या गरजेची वस्तू निरुपयोगी म्हणून पुढे करणार नाही.

मी परत निघालो तेव्हा बहिणीने डबा हातात देत विचारले, "सापडली का हो दादा, त्याची लायब्ररी?"

"सापडली," मी म्हणालो. "ज्याला ती लागत होती, त्याचे नाव वहीत लिहायचे राहिले होते."